पेरियारच्या संथ पाण्यावर बांबूचा तराफा : सहलीतला एक पूर्ण दिवस द्यावा का?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही कोची, मुन्नार, ठेकडी, अलप्पुळा अशी केरळची नेहमीची फेरी करणार आहोत. सहल आखून देणाऱ्यांनी ठेकडीला एकच मुक्काम दिला असून त्यात दुपारची मोठ्या बोटीची फेरी आणि संध्याकाळी मसाल्यांची बाग असा बेत आहे. मात्र पेरियार व्याघ्र प्रकल्पात बांबूच्या तराफ्यावरून दिवसभराची सफर असते आणि ती वनखात्याच्या वाटाड्यांसोबतच करावी लागते, असे एका मैत्रिणीकडून कळल्यापासून माझे मन त्या बोटीतून उठले आहे.

आम्ही चौघे आहोत : मी, माझे यजमान, नववीतला मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. पोहता फक्त मुलाला येते. बोटीऐवजी तराफा निवडण्यासारखे त्यात खरोखर काही आहे का, ते सुरक्षित आहे का, आणि त्यासाठी मुक्काम वाढवावा का, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे. ठेकडीच्या जलाशयात २००९ साली झालेली बोटीची दुर्घटना घरात सर्वांच्या लक्षात आहे, त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांत आधी येतो.

रानवाट

ताई, मुक्काम वाढवावा. पण कशासाठी वाढवायचा हे आधी स्पष्ट असावे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जाहिरातीतील छायाचित्रे पाहून दिवसभर तराफ्यावर बसायचे आहे असा समज होतो. प्रत्यक्षात सकाळी आठच्या सुमारास निघून संध्याकाळी पाचच्या आसपास परत येईपर्यंत तराफ्यावर साधारण तीन तास जातात आणि उरलेला वेळ जंगलातून चालण्यात, थांबण्यात व खाण्यात जातो. जास्तीत जास्त दहा पर्यटकांचा गट असतो. सोबत चार-पाच वाटाडे आणि एक बंदूकधारी वनकर्मचारी. नाश्ता आणि दुपारचे जेवण त्यांच्याकडूनच मिळते. थोडक्यात, ही वाटाड्यासोबतची रानवाट आहे आणि तिच्या मधल्या टप्प्यावर तराफा येतो. तीन तासांच्या नौकाविहारासाठी एवढा पैसा आणि वेळ कशाला, असा हिशेब करणारे निराश होतात. रानात दिवस काढायला मिळतो आहे असे समजून जाणारे सहसा होत नाहीत.

आता पाण्याविषयी. पेरियार ही केरळातील सर्वांत लांब नदी, परंतु ठेकडीला आपण तिच्या वाहत्या पात्रात नसतो. १८९५ साली ब्रिटिश अभियंता जॉन पेनीक्विक यांच्या देखरेखीखाली मुल्लपेरियार धरण पूर्ण झाले आणि मागची दरी भरून सुमारे २६ चौरस किलोमीटरचा, बोटांसारख्या फाट्यांचा जलाशय तयार झाला. पश्चिमेकडे वाहणाऱ्या या नदीचे अडवलेले पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे वैगै नदीच्या खोऱ्यात, म्हणजे तामिळनाडूच्या कोरड्या बाजूला वळवले जाते. त्यामुळे तराफ्याला ओढून नेईल असा प्रवाह इथे जवळजवळ नसतो आणि सगळे काम वल्ह्यांवर चालते. ती मारण्याचे काम वाटाडे करतात.

या संथपणाचा खरा लाभ कानांना होतो. मोठ्या बोटीत इंजिनाची घरघर आणि अनेक प्रवाशांचा गलका असतो. तराफ्यावर वल्हे पाण्यातून निघताना थेंब गळतात तेही ऐकू येतात. पाण्यातून वर आलेले काळे ओंडके म्हणजे धरण भरताना बुडालेल्या झाडांचे खोड. शंभराहून अधिक वर्षे ते तसेच उभे आहेत आणि त्यांवर पाणकावळे व तिरंदाज हे पक्षी पंख पसरून बसलेले असतात. बोट आली की ते उडतात. तराफा बऱ्यापैकी जवळ गेला तरी बसून राहतात, हे आवर्जून पाहावे.

सुरक्षिततेविषयी. २००९ च्या ३० सप्टेंबरला उलटलेली बोट यंत्रचालित, वर मजला असलेली होती आणि तिच्यात ४५ जणांचा बळी गेला. तराफ्याची रचनाच वेगळी असते. त्याला पाणी भरायला पोकळ तळ नसतो, वर मजला नसतो, आणि बसायची बाके पाण्यापासून फार उंच नसल्याने वजन खालीच राहते. तरीही जीवरक्षक जाकीट पूर्णवेळ घालावेच लागते आणि फोटोसाठी सर्वांनी एका कडेला उठून जाऊ नये. पोहता येत नसलेले लोकही जातात. माझ्या मते या सफरीत धोका पाण्यापेक्षा काठावर जास्त असतो, कारण आपण हत्तींच्या प्रदेशात पायी चालत असतो. बंदूकधारी सोबत असतो तो त्यासाठीच.

धोपटमार्ग

वरील प्रतिसाद वाचून भाबडेपणाने पैसे भरू नयेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही तराफ्याच्या सफरीला गेलो तेव्हा दिवसभरात लांबवर चरणारे सांबर, थोडी रानडुकरे आणि भरपूर पाणकावळे दिसले. हत्तीचे दर्शन शेणावरच भागले. त्याच दिवशी आमच्या हॉटेलातील एका कुटुंबाने दीड तासाच्या बोटफेरीत पिलांसह हत्तींचा कळप पाहिला आणि तोही आमच्या खर्चाच्या अंशात. शिवाय तराफ्यावर खालच्या थरातून पाणी वर येते, पाय ओलेच राहतात, आणि दुपारच्या उन्हात छप्पर नसलेल्या तराफ्यावर बसणे ही काही गंमत नव्हे. ज्यांच्या हाती सुट्टीचे मोजके दिवस आहेत त्यांनी बोटच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानवाट

धोपटमार्ग यांचा अनुभव अपवादात्मक नाही, आणि ताईंनी तो गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. बोट कमी वेळात जास्त किनारा पालथा घालते, त्यामुळे मोठ्या प्राण्यांच्या संख्येत ती वरचढ ठरू शकते. फेब्रुवारीनंतर रानातले ओढे आटू लागले की प्राणी जलाशयाच्या काठी येतात आणि दोन्ही प्रकारांत दर्शनाची शक्यता वाढते. जानेवारीत रान अजून हिरवे असते. वाघाची अपेक्षा तर कुणीच ठेवू नये. पेरियारला १९७८ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला असला, तरी इथले रान इतके दाट आहे की ताडोब्यासारखे व्याघ्रदर्शन इथे होत नाही.

मात्र किती प्राणी दिसले एवढ्यावरच दिवसाची किंमत करायची, तर पायी सफरींना अर्थच उरत नाही.

कळकाचे बेट

मी कुडाळकडचा. आमच्याकडे घरोघरी बांबूची लागवड असल्यामुळे माझे लक्ष प्राण्यांपेक्षा तराफ्याच्या बांधणीकडेच अधिक होते, म्हणून थोडे तेच लिहितो.

बांबू तरंगतो त्याचे कारण त्याच्या पेरांत असते. दोन गाठींमधली प्रत्येक पोकळी आतल्या पडद्याने बंद झालेली असते, त्यामुळे एका बांबूत हवेच्या स्वतंत्र कप्प्यांची रांगच तयार होते. एखादे पेर फुटून त्यात पाणी शिरले तरी शेजारची पेरे कोरडी राहतात आणि बांबू बुडत नाही. या दृष्टीने कोकणातला आमचा माणगा तराफ्याच्या कामाचा नाही, कारण तो जवळजवळ भरीव असतो. शिड्या, काठ्या, फर्निचर यांसाठी तो उत्तम. पाण्यावर मात्र जाड, मोठ्या पोकळीचा कळकासारखा बांबूच हवा. ठेकडीच्या तराफ्यांत जाडजूड बांबू एकमेकांना घट्ट बांधून त्यांवर बांबूचीच बाके बसवलेली होती. धोपटमार्ग यांचे पाय ओले झाले ते म्हणूनच. तराफ्याला पाणी अडवायचे नसते, ते फटींतून वर येऊन पुन्हा निघून जाते, आणि तसे ते जात असेल तर बांधणी ठीक आहे असे समजावे.

बांबू पाण्यात राहिल्यास लवकर कुजेल असे अनेकांना वाटते. आमच्याकडे तोडलेला बांबू वहाळाच्या पाण्यात मुद्दाम बुडवून ठेवण्याची रीत आहे, कारण त्याने आतले पिष्ट धुऊन जाते आणि भुगा पाडणारा किडा त्याच्या वाटेला जात नाही. तराफ्याचे खरे नुकसान होते ते आलटून पालटून ओले आणि कोरडे होण्याने. उन्हात बांबू तडकतो, मग त्या चिरेतून पेरात पाणी शिरते. त्यामुळे तराफ्याचे बांबू काही काळाने बदलावेच लागतात. आपण बसतो त्या तराफ्यात जुन्या करड्या बांबूंच्या मध्येच एखादा नवा पिवळसर बांबू दिसला, तर निगा राखली जाते आहे असे समजून निर्धास्त बसावे.

माजघर

नदीकाठ ताई, सासूबाईंविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. त्यांना या सफरीला नेऊ नये. वयाच्या दोन्ही टोकांना अट आहे, ती नोंदणी करतानाच पाहून घ्यावी. नववीतला मुलगा चालेल. परंतु अट बाजूला ठेवली तरी चढउताराची वाट आहे, तराफ्यावर चढताना चिखलातून पाऊल टाकावे लागते आणि पाण्याची पातळी खाली गेलेली असेल तर काठावरचा हा चिखलाचा पट्टा अधिकच रुंद होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा दिवस शिक्षा वाटेल. सासूबाईंसाठी बोटच योग्य आहे. शक्य असल्यास आदल्या दुपारी सर्वांनी मिळून बोटीची फेरी करावी आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हॉटेलात विश्रांती द्यावी, म्हणजे त्यांनाही एकटे पडल्यासारखे वाटणार नाही.

जळवांची तयारी ठेवावी. जानेवारीत त्या पावसाळ्याइतक्या नसतात, पण ओलसर पाचोळ्यात भेटतातच. गुडघ्यापर्यंत येणारे कापडी मोजे तिथेच मिळतात. ते पँटच्या वरून चढवून घट्ट बांधायचे असतात. त्यावरही एखादी चढलीच, तर उपटू नये. मीठ लावले की ती आपोआप सुटते. माझ्या भाचीने जळू पाहून आरडाओरडा केला, तेव्हा आमच्या वाटाड्याने तंबाखूच्या पाण्याने भिजवलेली पुरचुंडी तिच्या मोज्यांवरून फिरवली आणि त्यानंतर दिवसभर एकही जळू तिच्याजवळ फिरकली नाही.

प्रश्नचिन्ह

मला मूळ विषयातच एक शंका आहे. पेरियारचे काही वाटाडे पूर्वी जंगलात चोरटी तोड आणि शिकार करणारे होते, असे वाचले आहे. हे खरे असेल, तर ज्यांनी जंगल लुटले त्यांनाच पुन्हा जंगल सोपवणे आणि आपण त्यासाठी पैसे मोजणे योग्य आहे का?

अरण्यरुदन

हे खरे आहे, आणि माझ्या दृष्टीने या सफरीला जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

१९९६ च्या सुमारास जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या साहाय्याने देशातील काही अभयारण्यांभोवती पर्यावरण विकासाचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात पेरियार होते. त्या काळी ठेकडीलगतच्या कुमिळी गावाच्या परिसरातील काही जण रानदालचिनीच्या जातीतील वायणा नावाच्या झाडाची साल चोरून काढत. त्यांच्यावर खटले होते, पोलीस आणि वनखाते मागे होते, आणि मिळणाऱ्या पैशातला मोठा वाटा दलालांच्या खिशात जाई. वनखात्याने त्यांच्याशी बोलणी करून खटल्यांतून सुटका आणि पर्यटनातून नियमित उत्पन्न देऊ केले. बदल्यात त्यांनी चोरट्या वाटांची माहिती द्यायची आणि जंगलाची गस्त घालायची असे ठरले. पूर्वीच्या साल गोळा करणाऱ्यांची म्हणून एक स्वतंत्र समितीच स्थापन झाली. पुढे याच धर्तीवर मन्नान, पळियन अशा आदिवासी समाजांतील लोक वाटाडे झाले, आणि कामाला आर्थिक आधार राहावा यासाठी २००४ साली पेरियार प्रतिष्ठान उभे राहिले. २००२ पासून ‘वसंतसेना’ या नावाने स्थानिक स्त्रियांचा गटही चंदनाच्या झाडांच्या रक्षणासाठी मानधनाशिवाय गस्त घालत आला आहे.

प्रश्नचिन्ह यांचा मुद्दा नैतिक आहे आणि तो मी टाळत नाही. परंतु पर्याय काय होता, हेही पाहावे. तुरुंगातून सुटलेला माणूस उपजीविकेचे दुसरे साधन नसल्यास पुन्हा त्याच वाटेने रानात शिरतो. पगारी रक्षकाला जी वाट महिनोन्महिने सापडत नाही, ती या माणसाला अंधारातही ठाऊक असते. त्याला रक्षणाच्या बाजूला वळवणे ही मेहेरबानी नव्हती. वनखात्याचाही त्यात स्वार्थ होता, आणि दोन्ही बाजूंचा स्वार्थ असल्यामुळेच ही व्यवस्था एवढी वर्षे टिकली असे मला वाटते.

या माणसांचे जाणतेपण प्रत्यक्ष पाहावे असे असते. आमचा वाटाडा वाटेत एका झाडाशी थांबला. खोडावर आमच्या डोक्याच्याही वर वाळलेल्या चिखलाचा लेप होता. हत्ती अंग घासून गेल्याची ती खूण आहे, एवढे आम्हांलाही कळले असते. त्याने मात्र चिखलाला बोट लावून तो किती भुरभुरतो ते पाहिले, लेपाच्या उंचीवरून हा एकटा नर असल्याचे सांगितले, त्याच्या तुटपुंज्या हिंदीत आणि आमच्या तुटपुंज्या इंग्रजीत आम्हांला गप्प राहायला सांगितले, आणि ठरलेली वाट सोडून आम्हांला चढावरून वळसा घालून नेले. हत्ती आम्हांला दिसला नाही. धोपटमार्ग यांच्या हिशेबात हा दिवस फुकट गेला असे ठरेल. आमच्या हिशेबात त्या वळशासाठीच पैसे मोजले होते.

पुढे तराफ्यावर त्याने काठावरची एक घळ दाखवली आणि तिथे पाणमांजरांचा कळप वर येतो असे सांगितले. थोड्या वेळाने पाच-सहा डोकी पाण्यातून वर आली, मासे कडाकडा चावून खाल्ल्याचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला, आणि वाटाड्यांनी वल्ही थांबवली. मोठ्या बोटीला असे कुठेही थांबता येत नाही. वरच्या फांद्यांत शेकरूही दिसले. आपला राज्यप्राणी म्हणून आमच्या गटातील मुलांनी त्याला ओळखले, याचे वाटाड्याला कौतुक वाटले.

धोपटमार्ग

पाणमांजरे आम्हांला दिसली नाहीत, हे नमूद करतो. बाकी वाटाड्यांच्या ज्ञानाविषयी माझी तक्रार नव्हती आणि नाही. आमच्या गटातील चार जण दिवसभर मोबाइलवर गाणी लावून बसले होते, ही माझी मुख्य तक्रार आहे. वाटाड्यांनी दोनदा विनवले, तरी उपयोग झाला नाही. गट आपल्या हातात नसतो. त्यामुळे शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळावी, एवढे मी प्रामाणिकपणे सुचवतो.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे माझा तराफा जमैकाचा आहे. पण तुलनेला उपयोग होईल म्हणून थोडक्यात लिहितो. तिथे ट्रेलॉनी परगण्यात, फॅलमथ गावाजवळ मार्था ब्रे नदीवर सुमारे पाच किलोमीटरची सफर असते. तीस फूट लांबीच्या अरुंद तराफ्यावर मागे दोघांपुरते बाक असते आणि पुढे उभा राहून तराफेवाला लांब बांबूने तळ रेटत जातो. नदी संथ असली तरी वाहती आहे, त्यामुळे तराफा खालच्या दिशेला आपोआप जात असतो आणि साधारण तास-सव्वा तासात सफर संपते. पूर्वेकडच्या रिओ ग्रांदे नदीवर तर असेच तराफे पूर्वी केळीचे घड बंदरापर्यंत नेत. त्यावर माणसांना बसवण्याची टूम हॉलिवूडचा नट एरल फ्लिन याने लोकप्रिय केली.

वरची चर्चा वाचून फरक लक्षात येतो. जमैकात दोन प्रवाशांमागे एक तराफेवाला असतो, गप्पा आणि विनोद चालतात, काठावर नारळपाणी मिळते, आणि आजीआजोबाही मजेत बसू शकतात. ती सुट्टीतली निवांत दुपार आहे. ठेकडीचे प्रकरण त्या मानाने बरेच गंभीर दिसते. धागाकर्त्या ताईंच्या सासूबाईंना जमैका मानवले असते, परंतु तो सल्ला त्यांच्या खिशाला मानवणार नाही.

माजघर

वाहत्या नदीवर आणि कमी वेळात तराफा हवा असेल, तर वायनाडमध्ये कबिनी नदीतील कुरुवा बेटांजवळही तो आहे. मात्र तुमच्या मार्गापासून ते फारच दूर पडेल, आणि पावसाळ्यात बेटे बंद असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या एका पर्यटन कर्मचाऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यानंतर ते केंद्र काही महिने बंदच होते. रानवाट यांनी काठावरच्या धोक्याविषयी जे लिहिले आहे, ते कुणी अतिशयोक्ती समजू नये.

नदीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात चर्चा होऊन असे ठरले आहे की अलप्पुळ्याचा एक मुक्काम कमी करून ठेकडीला दोन मुक्काम करावेत. पहिल्या दुपारी सर्वांनी बोट, आणि दुसऱ्या दिवशी, जो आठवड्यातील मधला वार येईल असा पाहिला आहे, आम्ही तिघांनी तराफा. सासूबाईंनी मसाल्यांची बाग स्वतःसाठी राखून ठेवली असून त्यांना आमच्या जळवांत काडीचाही रस नाही.

आता शेवटचा प्रश्न. सहल आखून देणारे म्हणतात की नोंदणी तेच करून देतील, फक्त वर थोडा आकार लागेल. ती त्यांच्याकडे सोपवावी की स्वतः करावी?

रानवाट

स्वतः करावी. पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती करता येते, आणि तिथे गेल्यावर कुमिळी-ठेकडी रस्त्यावर अंबाडी नाक्याजवळच्या पर्यटन केंद्रात चौकशी करता येते. रोजच्या जागा मोजक्या असल्यामुळे तारीख नक्की होताच करून टाकावी. अर्ध्या दिवसाचाही पर्याय तिथे दिसेल. तिघांनाही चालण्याची सवय असेल तर तो घेऊ नये, कारण रान थोडे ओळखीचे होऊ लागते तेव्हाच परतायची वेळ होते. तिघांचीही मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. पांढरा, लाल आणि भडक पिवळा टाळावा. चपला किंवा सँडल नकोत, बूट हवेत आणि ते भिजणार हे धरून चालावे, म्हणून वाळलेल्या मोज्यांची एक जोडी पिशवीत असू द्यावी. टोपी विसरू नये. धोपटमार्ग उन्हाविषयी म्हणतात ते शब्दशः खरे आहे.